रूलबुक अथपासून इतिपर्यंत वाचायचं का?

फासेपारखी

नमस्कार मंडळी.

आमचा पाच खेळाडू आणि मी असा गट आहे. पुण्यात दर रविवारी दुपारची जेवणं उरकली की माझ्या घरी बसतो. धागा काढायचं कारण असं, की जवळजवळ दीड वर्षं आम्ही एक खेळ खेळलो, तो कुणालाच आवडेना, शेवटी बंद केला. आणि मग माझ्या लक्षात आलं की पुस्तकात लिहिलेला खेळ आम्ही खेळलोच नव्हतो.

खेळ होता डन्जन्स अँड ड्रॅगन्सची (डी अँड डी) १९८१ ची बेसिक आवृत्ती. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि फासे टाकत साहसं करायची, असा रोलप्लेइंग गेम. टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेली, अवघ्या ६४ पानांची. पीडीएफ विकत घेतली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतलं. त्याआधी कॉलेजात एका सीनियरने मला पाचवी आवृत्ती शिकवली होती, त्यामुळे डी अँड डी येतं असं मी धरून चाललो होतो. कॅरेक्टर कसं बनवायचं ते वाचलं, मंत्रांची यादी वाचली, हल्ल्याचा तक्ता वाचला, राक्षसांची पानं चाळली. मधली पानं "हे तर माहीतच आहे" म्हणून उलटली.

मग काय झालं? दार उघडलं की राक्षस, राक्षस दिसला की मारामारी. या आवृत्तीत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला चार बाजूंचा एक फासा टाकून जीव (किती मार सोसेल त्याचा आकडा) मिळतो, आणि जीव शून्यावर आला की कॅरेक्टर मेलं. आमच्यातल्या एकीने दीड वर्षात अकरा कॅरेक्टर्स बनवली. आठव्यानंतर तिने नावं देणं सोडून दिलं. खेळ क्रूर आहे, जुना आहे, तेव्हा त्यांना कळत नव्हतं, असं आमचं सगळ्यांचं मत झालं आणि पुस्तक माळ्यावर गेलं.

मागच्या दिवाळीत नागपूरला जाताना रात्रीच्या गाडीत वाचायला काही हवं म्हणून तेच बाड बॅगेत टाकलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. दौंड मागे पडलं तेव्हा मी मधल्या पानांवर पोचलो होतो, आणि तिथे तीन गोष्टी सापडल्या.

पहिली: राक्षस भेटला की तो काय करणार हे डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आधीच ठरवलेलं नसेल, तर दोन फासे टाकून बघायचं. बेरीज २ आली तर लगेच हल्ला. ३ ते ५ आली तर तो शत्रुत्वाने वागेल, हल्ला करेलही. ६ ते ८ म्हणजे तो गोंधळलेला आहे. ९ ते ११ म्हणजे हल्ला नाही, निघून जाईल किंवा तुमचं म्हणणं ऐकून घेईल. १२ म्हणजे चक्क मैत्री. आता हिशोब करा. दोन फाशांवर २ येण्याची शक्यता ३६ मध्ये १. थेट हल्ला ३६ वेळांतून एकदा! आम्ही तो प्रत्येक वेळी करत होतो.

दुसरी: धीराचा फासा. पुस्तकातला शब्द मोराल. आम्ही आता धीर म्हणतो. प्रत्येक राक्षसाला धीराचा एक आकडा असतो. त्यांच्यातला पहिला पडला की, आणि अर्धे कामातून गेले की, दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याच्या वर गेली तर ते पळतात किंवा शरण येतात. गोब्लिन या छोट्या राक्षसांचा धीर ७. म्हणजे एका चकमकीत दोनदा तपासलं तर तीनपैकी साधारण दोन वेळा गोब्लिन पळून जाणार. आमचे गोब्लिन शेवटच्या गड्यापर्यंत लढत होते.

तिसरी गोष्ट वाचली तेव्हा मी बर्थवर उठून बसलो. गुहेतून बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे एक अनुभवाचा गुण. गोब्लिन मारला तर पाच गुण, तेही सगळ्यांत वाटून. पाच गोब्लिन मारले तर २५ गुण, पाच जणांत प्रत्येकी ५. योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलला लागतात २०००. म्हणजे अशा चारशे चकमकी. उलट पाचशे नाण्यांचा एक हार कुणाशीही न लढता उचलून आणला, तर एका फटक्यात प्रत्येकी शंभर. मी नाण्यांचे गुण देतच नव्हतो, कारण पाचव्या आवृत्तीत ते नसतात.

या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. लढण्यात फायदा नाही, म्हणून लोक लढाई टाळतात. समोरचा बोलायला तयार असू शकतो, म्हणून टाळता येते. आणि टाळता नाही आली, तरी समोरचा मरेपर्यंत लढत नाही. जादूगाराला तीन जीव असले तरी तो जगू शकतो, कारण त्याने पहिल्या फटक्याला पुढे उभं राहावं अशी पुस्तकाची अपेक्षाच नाही. यातलं एक काढलं तरी खेळ लंगडतो. आम्ही तिन्ही काढले होते.

पाडव्यानंतर गटाला विनंती केली, एक रविवार द्या. गुहेत पाच गोब्लिन समोर आले. पडद्यामागे मी दोन फासे टाकले, ५ आणि ४. नऊ. म्हटलं, ते भाले रोखून उभे आहेत, पण पुढे येत नाहीयेत. टेबलावर शांतता. मग ड्वार्फ (बुटक्या जमातीचं पात्र) खेळणाऱ्याने हळूच विचारलं, "माझ्या शीटवर भाषांमध्ये गोब्लिन लिहिलंय. मी बोलू का त्यांच्याशी?"

ती ओळ त्याच्या प्रत्येक ड्वार्फच्या शीटवर दीड वर्षं होती. ड्वार्फला गोब्लिन भाषा येते हे पुस्तकात ड्वार्फच्या माहितीतच दिलंय. ती का दिली असेल, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता, कारण आमचे गोब्लिन कधी बोललेच नव्हते.

आता माझा मुद्दा. मेंढीकोट मी आजीकडून शिकलो, पुस्तक कुठे होतं? हुकूम कसा काढायचा, चारही मेंढ्या आल्या की कोट, दोन डाव झाले की आलं. कारण एका डावात अख्खा खेळ डोळ्यासमोरून जातो. रोलप्लेइंग गेमचं तसं नाही. काही नियम तीन महिन्यांतून एकदा लागतात. आणि जे नियम गेम मास्टरचे (म्हणजे डीएमचे) असतात, त्यांचे फासे पडद्यामागे पडतात. मी सीनियरच्या टेबलावर दोन वर्षं खेळलो. हल्ल्याचा फासा मला दिसत होता, पण सीनियर पडद्यामागे काय करायचा ते कधीच दिसलं नाही. खेळून खेळून शिकणाऱ्याला खेळाचा हा अर्धा भाग दिसणंच शक्य नाही. तो फक्त पुस्तकात असतो.

म्हणून माझं ठाम मत झालंय, की जो खेळ चालवणार त्याने पुस्तक एकदा तरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावं. तुमचे अनुभव काय आहेत?

तिठा

+१. आमचं हेच ब्लेड्स इन द डार्कच्या बाबतीत झालं. जॉन हार्पर यांचा २०१७ चा खेळ, चोरांच्या टोळीचा. आम्ही दरोड्याची योजना आखायला बसायचो आणि तीन तास नकाशेच काढत राहायचो. दरोडा पुढच्या आठवड्यावर.

पुस्तक मात्र स्पष्ट सांगतं, योजना आखत बसू नका. सहा प्रकारांतला एक निवडा, त्याचा एकच तपशील ठरवा, उदाहरणार्थ चोरून शिरायचं तर कुठून, आणि लगेच फासे टाकून थेट दरोड्याच्या मध्यात उडी घ्या. आधी काय तयारी केली होती ते अडचण आल्यावर फ्लॅशबॅकने सांगायचं, तयारी जितकी अवघड तितका स्ट्रेस (ताणाचा आकडा) भरायचा. सामानसुद्धा आधी ठरवायचं नाही. हलकं, मध्यम की जड ओझं एवढंच सांगायचं. दोर आहे की कंदील, ते गरज पडेल तेव्हा.

आमच्या जीएमने फासे कसे टाकायचे ते यूट्यूबवर बघितलं होतं. तेवढ्यावर खेळ चालतो, पण तीन तास नकाशे काढत चालतो.

अर्धा_कप

धागा आवडला, पण असहमत.

मी पाचवी आवृत्ती चालवतो. २०१४ चं प्लेयर्स हँडबुक तीनशेच्या वर पानं, डन्जन मास्टर्स गाइड तीनशेच्या वर, मॉन्स्टर मॅन्युअल तेवढंच. सगळं इंग्रजीत, बारीक टायपात, दोन कॉलममध्ये. सकाळी ७:४० ची लोकल, रात्री नऊला घरी, दोन लहान मुलं. मला महिन्यातून दोन शनिवार मिळतात. त्यात हजार पानं वाचायची अट घातली तर मी खेळणंच सोडेन, आणि माझ्यासारखे पुष्कळ जण सोडतील.

नवीन माणूस टेबलावर येतो तेव्हा मी सांगतो, तुला काय करायचंय ते सांग, कुठला फासा टाकायचा ते मी बघतो. तो खेळात रमतो. नियम नंतर येतात. तुमच्या धाग्याचं शीर्षक वाचून तो आलाच नसता.

फासेपारखी

@अर्धा_कप, तुमचं म्हणणं पटतं, आणि नव्या खेळाडूबद्दल तर शंभर टक्के. खेळाडूने आपलं शीट आणि आपले मंत्र वाचले तरी खूप झालं. मी चालवणाऱ्याबद्दल बोलतोय.

आणि वाचणं म्हणजे पाठ करणं नाही. मी गाडीत वाचलं तेव्हा अर्धं विसरलो. पण "असं काहीतरी आहे" हे डोक्यात राहिलं, म्हणून लागेल तेव्हा शोधता आलं. जे आहे हेच माहीत नाही, ते शोधणार कसं? मॉन्स्टर मॅन्युअल आणि मंत्रांची यादी सोडा, ती शब्दकोशासारखी गरजेला उघडायची. बाकी उरतं ते बरंच कमी आहे. वेळच नसेल तर छोटं पुस्तक असलेला खेळ निवडावा असंही मला वाटतं. लेझर्स अँड फीलिंग्ज अख्खा एका पानावर मावतो.

रातराणी

@अर्धा_कप, मी खेळाडू आहे, डीएम नाही, आणि मला तुमच्याशी थोडं भांडायचंय.

मी वॉरलॉक, म्हणजे एका प्रकारचा जादूगार, खेळायचे. दहाव्या लेव्हलपर्यंत वॉरलॉककडे जेमतेम दोन स्पेल स्लॉट, म्हणजे दोनच मंत्र टाकायची सोय. आमच्या विझार्डकडे, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या जादूगाराकडे, ढीगभर. प्रत्येक सेशनला एक मोठी लढाई, मग सगळे रात्रभर झोपणार, सगळ्यांचे सगळे स्लॉट परत. माझे दोन मंत्र दोन फेऱ्यांत संपायचे आणि उरलेली संध्याकाळ मी तोच एक किरण मारत बसायचे. वर्षभर मला वाटत होतं की मला खेळता येत नाही. डीएमला वाटत होतं की वॉरलॉकच कच्चा आहे. म्हणून त्याने मला एक जादूची अंगठी दिली, मग विझार्ड रुसला.

वॉरलॉकचे स्लॉट तासाभराच्या छोट्या विश्रांतीत परत येतात. आणि २०१४ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये चकमकी रचायच्या भागात लिहिलंय की साहसाच्या एका दिवसात गट साधारण सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी झेलू शकतो, मध्ये साधारण दोन छोट्या विश्रांती. म्हणजे दिवसभरात माझे स्लॉट तीनदा भरणार होते. सगळा तोल त्या हिशोबावर बसवलाय. आमच्या डीएमने ते पान वाचलं नव्हतं. वाचून ते पाळायचं नाही असं ठरवलं असतं तरी चाललं असतं, मी दुसरा क्लास घेतला असता. मला निदान कळलं असतं.

न वाचलेल्या नियमाची किंमत कुणीतरी भरतं, आणि बहुतेक वेळा ती चालवणारा भरत नाही.

खडीसाखर

मोनोपॉलीचं उदाहरण कुणीच दिलं नाही? जागेवर येणाऱ्याने ती विकत घेतली नाही तर बँकेने तिचा लगेच लिलाव करायचा, हा छापील नियम आहे. मी तीस वर्षं एकाही घरात लिलाव झालेला पाहिला नाही. आणि मग सगळे म्हणतात, खेळ संपतच नाही.

कोकमसरबत

माझा अनुभव जरा वेगळा आहे. मे महिन्यात चिपळूणला भाचरं जमतात, सहावी ते नववीतली, मराठी माध्यमातली. त्यांच्यासाठी मी बेसिक खेळ चालवते. त्यांना इंग्रजी पुस्तक झेपत नाही, म्हणून मी मराठीत करून वाचून दाखवते.

वाचून दाखवायचं म्हटलं की काहीच गाळता येत नाही. मनात वाचताना डोळे आपोआप ओळखीच्या शब्दावरून पुढे सरकतात. मोठ्याने, तेही दुसऱ्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक वाक्याला थांबावं लागतं. "डीएमने करावं" की "डीएमला करता येईल"? इंग्रजीतला तो एक छोटा शब्द मी आधी दहा वेळा नजरेआड केला होता. मराठीत क्रियापद लावायची वेळ आली आणि तिथेच अडले.

सेव्हिंग थ्रोला, म्हणजे संकटातून जीव वाचतो का ते बघणाऱ्या फाशाला, मुलांनी "वाचण्याचा फासा" नाव ठेवलंय. हिट पॉइंट म्हणजे "जीव". आणि एक नियम त्यांना इतका आवडला की अजून त्यावर बोलतात: राक्षस पाठलाग करत असेल तर मागे खाणं टाकायचं, बिनअकली राक्षस खायला थांबण्याची शक्यता निम्मी. हुशार असेल तर खाण्याऐवजी नाणी टाकायची. माझा सातवीतला भाचा तेव्हापासून दुकानात गेला की आधी शिधा घेतो, मग तलवार.

फासेपारखी, हा नियम तुमच्याही पुस्तकात असेल ना?

फासेपारखी

आहे, आहे! राक्षस काय करणार ते ठरवणाऱ्या तक्त्याच्या आसपासच. मोठ्याने वाचायची कल्पना फार आवडली, आमच्याकडे करून बघतो.

उंबरठा

चर्चा छान चाललीये, पण पुस्तकाला जरा जास्तच मान दिला जातोय असं वाटतं. थोडा इतिहास.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला, एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका. त्यात लढाईसाठी चेनमेल नावाच्या आधीच्या युद्धखेळाचे नियम तुमच्याकडे आहेत असं धरलं होतं. ज्यांच्याकडे ते नव्हते, त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचूनही खेळ उभा राहणं कठीण होतं. लोकांनी भोकं आपापल्या परीने बुजवली, एकमेकांना दाखवली, गावोगावी वेगळा खेळ झाला. या छंदाचा पाया तोंडी परंपरेने घातला गेलाय, पुस्तकाने एकट्याने नाही.

ॲरिझोनातल्या फिनिक्सचे केन सेंट आंद्रे यांनी ते नियम वाचले, ते त्यांना किचकट वाटले, आणि त्यांनी स्वतःचा टनेल्स अँड ट्रोल्स लिहिला. १९७५ मध्ये तो छापून आला.

आणि एक दुरुस्ती. मोल्डवेंच्या पुस्तकात धीराचा नियम ऐच्छिक म्हणून दिलाय. तुम्ही तो न वापरून पुस्तक मोडलं नव्हतं.

फासेपारखी

@उंबरठा काका, दुरुस्ती मान्य. ऐच्छिक आहे खरा. पण ऐच्छिक म्हणजे इच्छा करायला आधी तो माहीत हवा. आम्ही तो नाकारला नव्हता, आम्हाला तो ठाऊकच नव्हता. रातराणी म्हणतात तेच.

सेंट आंद्रेंचं उदाहरण मला माझ्या बाजूचं वाटतं. त्यांनी वाचलं, काय नको ते त्यांना कळलं, म्हणून नवीन खेळ सुचला. चेनमेलबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. पुस्तकच अपुरं असेल तर वाचणाऱ्याचा दोष नाही. १९८१ च्या पुस्तकाबद्दल मी इतका आग्रही आहे, कारण ते अपुरं नाही. मशाल सहा टर्न जळते, टर्न दहा मिनिटांची, दर दोन टर्नला भटक्या राक्षसांसाठी एक फासा, पाच टर्न चाललात की एक टर्न विश्रांती. हे सगळं ६४ पानांत बसवलंय. त्या माणसाने एवढं नेटकं लिहून ठेवलं आणि मी पानं उलटली, याचं वाईट वाटतं.

तिठा

अवांतर: पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. कोकमसरबत ताई, तुमचं मराठी रूप लिहून काढलंत तर श्रेय देऊन ते उघडपणे वाटता येईल. बेसिकचं तसं नाही, तो परवाना त्याला लागू नाही.

अर्धा_कप

परत आलो. रातराणींचा प्रतिसाद वाचून अस्वस्थ झालो, कारण माझ्याही टेबलावर एक वॉरलॉक आहे आणि तोही हल्ली गप्प असतो.

लोकलमध्ये रोज ठाणे ते दादर एवढाच वेळ मिळतो, बसायला मिळालं तर. डन्जन मास्टर्स गाइड काढलं. पहिलं प्रकरण जग कसं रचायचं, दुसरं विश्वं किती आहेत. मागे दोनदा मी तिथेच सोडून दिलं होतं. या वेळी फासेपारखींचं ऐकून रेटत राहिलो. खेळ प्रत्यक्ष कसा चालवायचा ते थेट आठव्या प्रकरणात आहे! २०२४ च्या नव्या गाइडमध्ये ते सुरुवातीला आणलंय, त्यांनाही जाणवलं असणार.

अजून हजार पानांच्या अटीला माझा विरोध आहे. पण काल शनिवारी दोन चकमकींनंतर मी स्वतःहून विचारलं, "तासभर टेकायचं का कुठे?" आमच्या वॉरलॉकने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

कोकमसरबत

@तिठा, विचार करते. आधी मोठ्या भाच्याकडून शुद्धलेखन तपासून घेईन.

फासेपारखी, भाचरं विचारतायत, त्या भाले रोखून उभ्या राहिलेल्या गोब्लिन्सचं पुढे काय झालं?

फासेपारखी

मुलांना सांगा, ड्वार्फने विचारलं की तुम्ही इथे का उभे आहात. ते म्हणाले, आमच्या सरदाराने दार राखायला सांगितलंय आणि दोन दिवस खायला पाठवलेलं नाही. ड्वार्फने पोतडीतला शिधा काढून दिला. चौघे खाऊन आत निघून गेले, पाचवा मागे राहिला. वाटा देतो म्हटल्यावर तो सोबत यायला तयार झाला. सोबत्यांचे नियम पुस्तकात आहेतच. भर उन्हात गोब्लिनला हल्ल्यात एक वजा असतो, म्हणून गट आता बहुतेक रात्रीच प्रवास करतो.

सोबत्याचा धीर मालकाच्या करिष्म्यावर, म्हणजे माणसं जिंकण्याच्या गुणाच्या आकड्यावर, ठरतो. आमच्या ड्वार्फचा करिष्मा १३, म्हणून गोब्लिनचा धीर ८. प्रत्येक मोहीम संपली की तपासायचा, आकड्याच्या वर गेला तर तो पुढच्या वेळी येत नाही. गेल्या रविवारी पडदा बाजूला ठेवून सगळ्यांसमोर फासे टाकले. एक ३ वर थांबला, दुसरा टेबलाच्या कडेपर्यंत गडगडत गेला आणि ५ वर थांबला. आठ. अकरा कॅरेक्टर्स बनवणारी आमची मैत्रीण टाळ्या वाजवत उभी राहिली, आणि त्या गोब्लिनला नाव तिनेच दिलं.